साखरेची गाठी आणि मुलांचे हात
(बी. कॉम. भाग 2)

होळीच्या दिवशी लहान मुलांच्या गळ्यात साखरेची गाठी घालण्याची चाल विदर्भात घरोघर आहे. आपल्या बेळगावकडे गाठी, म्हणजेच साखरेची माळ, आपण पाहतो ती मुख्यतः पाडव्याच्या गुढीवर. तिकडे मात्र ती फाल्गुन पौर्णिमेलाच येते. गुढीच्या आधी ती मुलांच्या गळ्यात पडते आणि बहुधा गुढी उभारण्यापूर्वीच संपलेली असते. मामा, मावशी, आत्या, शेजारी अशा सर्वांनी मुलाला गाठी द्यावयाची असते. ज्या मुलाची ती पहिलीच होळी असेल त्याच्या घरी तर गाठ्यांचा ढीग पडतो.

ह्या लेखात एका लहानशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. गाठी मुलांसाठी असते; मग ती करण्यात मुलांचे काम कोणते? पूर्वी घरी गाठी होत असे तेव्हा मुले निदान शेजारी बसून पाहत. आता ती बाजारातून पिशवीत येते. साचे माळ्यावर गेले आहेत आणि मुलांकडे फक्त खाणे उरले आहे. हे काम पुन्हा घरात आणता येईल काय, त्यातील कोणता भाग मुलाच्या हाती देता येईल, आणि त्याचा हिशेब काय बसतो, एवढेच येथे पाहू.

हा विषय मला सुचण्याचे कारण माझी दोन घरे. वडिलांकडची अज्जी धारवाडकडची, कन्नड बोलणारी. आईचे माहेर बोरगाव. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौंसर तालुक्यात हे गाव लागते. मध्य प्रदेशात असले तरी घरची बोली मराठीच, नागपुरी वळणाची. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. गावाबाहेर औद्योगिक वसाहत असल्यामुळे कामासाठी दूरदूरची कुटुंबे येथे येऊन राहिली आहेत. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

अज्जीच्या घरी साखरेच्या साच्याला 'अच्चु' म्हणतात. उत्तर कर्नाटकात कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे गौरी हुण्णिमेला, मुली 'सक्करे आरती' घेऊन निघतात. ताटात साखरेच्या बाहुल्या, हत्ती, गोपुरे मांडलेली असतात, पांढरी, गुलाबी, पिवळी. ह्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे सांगावयास नको. म्हैसूरकडे संक्रांतीला तीळगुळाबरोबर असेच साखरेचे अच्चु वाटतात. उत्तर हिंदुस्थानात दिवाळीच्या पूजेत लाह्या-बत्ताशांबरोबर साखरेचे हत्ती-घोडे ठेवतात. आपल्याकडे संक्रांतीला हलव्याचे दागिने होतात. 'साखर' आणि 'सक्करे' हे दोन्ही शब्द शर्करेपासून आले. आणि इंग्रजांची कँडीदेखील आपल्या 'खंड' ह्याच शब्दाची, अरबस्तान-इराणमार्गे फिरून आलेली नात आहे.

ह्या सर्व सणांचे महिने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कार्तिक, पौष, फाल्गुन, चैत्र. साखरेची शिल्पे पावसाळ्यात कोणी करीत नाही. ह्याला धर्मापेक्षा हवा अधिक जबाबदार असावी, असे माझे मत आहे. हवेतील आर्द्रता सुमारे 85 टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतील ओल ओढून विरघळू लागते. फाल्गुनात बोरगावची हवा इतकी कोरडी असते की अंगणात ठेवलेली गाठी दोन आठवडे टणक राहते. श्रावणात तीच एका रात्रीत घाम सोडील.

आता गाठीची कृती. साचा सागवानी फळीचा असतो. तीत ओळीने वाट्या कोरलेल्या असतात आणि त्यांना जोडणारी एक बारीक चर असते. साचा आधी पाण्यात भिजवून ठेवतात, म्हणजे कोरडे लाकूड पाक धरून ठेवीत नाही. चरीतून दोरा टाकतात. एक किलो साखरेला ती भिजेल इतके, म्हणजे साधारण पाव ते तीनशे मिलिलिटर पाणी घालून पाक उकळतात. उकळताना चमचाभर दूध घातले की मळी वर येते, ती काढून टाकावयाची. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली पाहिजे. थर्मामीटर असल्यास पारा 118 ते 120 अंश सेल्सिअसवर येतो. मग पातेले खाली उतरवून पाक पळीने घोटावयाचा. तो गढूळ होऊ लागला की त्याच क्षणी साच्यात ओतावयाचा. क्षणभर उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो. अशा वेळी थोडे पाणी घालून पुन्हा उकळावा. साखर वाया जात नाही.

घोटल्याने पाक गढूळ का होतो? 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशाला सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, तर 100 अंशाला 480 ग्रॅमच्याही वर. पाक निवू लागला की ही जास्तीची साखर पाण्यात राहू शकत नाही. तिला बाहेर पडण्यास फक्त निमित्त हवे असते. पळी ते निमित्त देते. ती फिरवल्याने एकाच वेळी असंख्य बारीक कण तयार होतात आणि गाठी पांढरी, ठिसूळ बनते. न घोटता पाक तसाच ठेवला तर थोडे व मोठे खडे होतात, ती खडीसाखर.

लिंबाविषयी घरोघर मतभेद आहेत. मामी म्हणते चार थेंब, शेजारच्या आजी म्हणतात अर्धे लिंबू. ह्या होळीच्या सुटीत बोरगावला असताना आम्ही मुद्दाम तीन पातेली केली. एकात लिंबू नाही, एकात चार थेंब, एकात अर्धे लिंबू. पहिल्याची गाठी नीट झाली, पण घोटताना पाक फार घाईने बसला. दुसऱ्याने ओतण्यास पुरेसा वेळ दिला. तिसऱ्याची गाठी साच्यातून चिकटतच निघाली आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती. आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे तुकडे होतात. हे तुकडे स्फटिक जमू देत नाहीत आणि हवेतील ओलही अधिक ओढतात. थोडेसे आम्ल म्हणून मदत करते आणि जास्त झाले की काम बिघडवते. मामी जिंकली. आजींनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते लिंबूच नीट नव्हते.

येथपर्यंतच्या कामात मुलाला जागा नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. हा पाक उकळत्या पाण्याहून वीस अंशांनी अधिक तापलेला असतो. आणि पाणी ओघळून जाते तसा तो जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. आम्ही चुलीपासून सहा फुटांवर रांगोळीची रेघ ओढली. पाक साच्यात बसेपर्यंत रेघेच्या आत एकाही मुलाने यावयाचे नाही, असा दंडक होता. तरीही भाजलेच, तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. हे घरातील मोठ्यांनाच सांगावे लागते, मुले तसे करीत नाहीत.

मग मुलांनी काय करावे? पहिला मार्ग ओवण्याचा. बोरगावात होळीपूर्वी मुले शेणाच्या लहान चकत्या थापतात, मध्ये भोक पाडून वाळवतात आणि त्यांची माळ ओवतात. त्यांना 'चाकोल्या' म्हणतात. ही माळ होळीत टाकावयाची असते. म्हणजे ओवण्याचा सराव त्या हातांना आहेच. एक माळ अग्नीसाठी आणि एक गळ्यासाठी, असा हा जोड मला फार आवडतो. हलव्याच्या दागिन्यांतही मुलांचा वाटा ओवण्याचाच. तिळावर पाक चढवून काटे आणण्याचे काम थंडीत तासन्‌तास मंद आचेवर चालते. ते मुलाच्या धीराचे नव्हे. मात्र पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला हलवा खाण्याचा नसतो, हे मुलांना आधी बजावावे.

परंतु ओवणे म्हणजे घडवणे नव्हे. मुलाला आकार द्यावयाचा असतो. ह्याचे उत्तर मला फार दूरच्या देशात मिळाले. मेक्सिको देशात 1 व 2 नोव्हेंबरला मृतांचा सण पाळतात, आपल्या सर्वपित्रीसारखा, पण गाण्याबजावण्यासह. त्या वेळी साखरेच्या कवट्या करतात आणि त्यांच्या कपाळावर नाव लिहितात. तोलुका नावाच्या शहरात अशा साखरकामाची जत्राच भरते. ह्या कवट्या करण्याची घरगुती रीत बिनआचेची आहे. साखर जेमतेम ओली करावयाची, साच्यात दाबून भरावयाची, लगेच उपडी करावयाची आणि वाळू द्यावयाची. नदीकाठी वाळूची वाटी उपडी करणाऱ्या कोणत्याही मुलाला हे शिकवावे लागत नाही.

आम्ही हीच रीत गाठीला लावली. पाव किलो बारीक साखरेला तीन चहाचे चमचे पाणी, त्याहून जास्त नाही. बोटांनी चोळून सारखे करावे. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच फुटला, तर प्रमाण बरोबर. साचे म्हणून पेढ्याचे व मोदकाचे साचे, बाटल्यांची स्वच्छ झाकणे, मसाल्याच्या डब्यातील छोटा चमचा, जे मिळेल ते चालते. अर्धी साखर भरावी, मधून जाड सुती दोरा टाकावा, उरलेली भरून अंगठ्याने घट्ट दाबावे आणि ताटावर उपडी करावी. रात्रभरात टणक होते. पाकाच्या गाठीइतकी मजबूत ही नसते. ती ओढली तर तुटते, पण सांभाळून घातली तर दिवसभर टिकते. पाण्याऐवजी बिटाचा रस घातला की गुलाबी रंग येतो, चिमूटभर हळदीने पिवळा. त्या दिवसांत मृग बहाराची संत्री निघालेली असतात. म्हणून आम्ही संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे दोन चकत्यांच्या मध्ये ओवले. बोरगावच्या गाठीत संत्रे नसावे, हे मला तरी पटत नाही.

रंगाविषयी थोडे अधिक. बाजारी गाठीचा भडक गुलाबी रंग पाहून मुले भुलतात. खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आपल्या देशात मोजके, आठच आहेत, आणि तेही ठरावीक पदार्थांत व ठरावीक प्रमाणात. कापड रंगविण्याचा ऱ्होडामाइन-बी त्यात नाही. साखरेच्या कापसात, म्हणजे बुढ्ढी के बालमध्ये, तो सापडल्यावर कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये असा रंगीत कापूस बंद केला. तमिळनाडूने त्याच्या आदल्या महिन्यात केला होता. पांढरी गाठी घेणे सर्वांत सोपे.

आता मुलांविषयी. आमच्याकडे सहा मुले होती, वय पाच ते अकरा. आरंभी एकच नियम ठेवला होता: पहिली गाठी स्वतःसाठी करावयाची नाही. ज्याला द्यावयाची त्याच्या नावाचे पहिले अक्षर ओल्या चकतीवर काडीने कोरावयाचे. ही कल्पना मेक्सिकोचीच. मामाचा धाकटा, वय सहा, चकती हातात घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "ताई, हे माह्या हातचं आहे न? मंग मीच काहून नाही खाऊ?" त्याच्या प्रश्नात तथ्य होते. मी त्याला सांगितले, दुसरी तुझी. त्यावर त्याने पहिली कशीबशी उरकली आणि दुसरीवर तासभर घालवला. हेही नोंदवून ठेवते. मोठ्या बहिणीने मात्र पहिलीच नीट केली.

गल्लीत बिहारकडून आलेले एक कुटुंब राहते. वडील वसाहतीतील कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या मुलीला गाठी कोणी देत नव्हते. मामा दूर आणि त्यांच्याकडे ही चाल माहीत नाही. इतर मुलांच्या गळ्यात चार-चार गाठ्या असताना ती होळीजवळ मोकळ्या गळ्याने उभी राहत असे, असे मामीने सांगितले. तिला कामाला बोलावले. तिला मराठी अर्धी समजते. पण साखर दाबण्यास भाषा लागत नाही. सर्व मुलांत तिच्या चकत्या सर्वांत कमी तुटल्या. होळीला तिच्या गळ्यात तीन गाठ्या होत्या. त्यांतील एकीवर अक्षर उलटे कोरलेले होते, कारण कोरणाऱ्याला अजून ते सुलटे येत नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थिनीने हिशेब न मांडणे बरे दिसणार नाही. पाकाच्या गाठीचे पाहू. 2 किलो साखर, किलोला 45 रुपये धरून 90, दूध-लिंबू 10, गॅस 25, दोरा 5. एकूण 130 रुपये. मोठ्या माणसाचे दोन तास, तासाला 60 प्रमाणे 120. उत्पादन खर्च 250. साबूत गाठी 1,700 ग्रॅम निघाली, तुकडे 200 ग्रॅम आणि उरलेले पातेल्याला. तुकडे चहात जातात, म्हणून ते उपउत्पादन. त्यांचे साखरेच्या भावाने 9 रुपये वजा केले की निव्वळ खर्च 241. बाजारात गाठी किलोला 120 धरली तर तेवढ्याच मालाला 204 रुपये पडतात. म्हणजे घरची गाठी 37 रुपयांनी महाग. मजुरी सोडून दिली तर 83 रुपयांनी स्वस्त. मामींना हे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या दोन तासाचे कोण पैसे देते बापा?" हा प्रश्न आमच्या परिव्यय लेखाच्या पुस्तकात नाही. पण घरातील स्त्रीचे तास शून्य धरले की घरचे सगळेच स्वस्त निघते, हे आपण वर्गात कधी तरी बोलावयास हवे.

साच्याचा घसारा मी धरला नाही. तो आजोबांच्या काळचा. पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झाली, तरी गाठी तशीच उमटते. मुलांच्या अठरा तासांची मजुरीही धरली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीस ठेवता येत नाही, म्हणून तो रकाना रिकामाच राहतो. शिवाय ते तास श्रमाच्या खात्यात घालावेत की उपभोगाच्या, ह्यावर आमच्या प्राध्यापकांशी माझा अजून वाद चालू आहे. ते म्हणतात उपभोग. मी म्हणते, ज्या मुलाने तासभर एक चकती दाबली त्याला विचारा.

साखर सोडून बिस्किटांचाही उपयोग होतो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो; मुले लाकडी बैल सजवून नेतात. (पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, ती निराळी गोष्ट.) त्या लाकडी बैलाला बिस्किटांची गाडी जोडता येते. चौकोनी बिस्किटांचा सांगाडा, गोल बिस्किटांची चाके. पिठीसाखरेत थेंब-थेंब दूध घालून केलेला दाट लेप हा सिमेंट. युरोपात नाताळला आल्याच्या बिस्किटांची घरे ह्याच सिमेंटवर उभी राहतात. पण पोळा पावसाळ्यातला. तेव्हा गाडी त्याच दुपारी करून संध्याकाळपर्यंत खाऊन टाकावी. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी मुलांना काटा किंवा नवी फणी देऊन कणकेच्या गोळ्या तिच्यावर वळावयास लावतात. त्याच तळलेल्या कुलकुल. मुलांना पूर्ण काम देणारा आणि तरी तळण मोठ्यांकडे ठेवणारा इतका शहाणा पदार्थ मला दुसरा माहीत नाही.

ज्यांना पुढील होळीला हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. चार वर्षांखालील मुलाला टणक तुकडा एकट्याने चघळावयास देऊ नये, घशात अडकतो. तान्ह्या बाळाच्या गळ्यातील गाठी फोटो काढून झाला की उतरवावी. दोरा घालून झोपवू नये. खाल्ल्यावर चूळ भरावी. गाठी ठेवावयाची ती घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा पाण्याच्या परातीत. बोरगावच्या मुंग्यांना होळी कधी आहे ते आपल्या आधी कळते.